आवाजाची बखर

इतिहासाच्या अभ्यासकाला कागदाचें वेड असतें, आणि तें असावेंही. परंतु आपल्या जुन्या कागदांपैकीं पुष्कळसे मुळांत कोणाच्या तरी तोंडचे शब्द आहेत, ही गोष्ट दप्तर चाळतांना सहसा ध्यानांत राहत नाहीं. वतनाचा तंटा गोतसभेपुढें आला म्हणजे वादी आपली तकरीर देई, घराण्याची हकीकत करीना म्हणून सांगे, गांवकरी साक्ष देत, आणि या सर्वांचा मिळून महजर होई. पाटलाला लिहितां येत नसलें तर तो नांगराची निशाणी करून मोकळा होई. बोलणारा एक, लिहिणारा दुसरा. कारकुनानें त्याचें बोलणें दरबारी वळणांत बसविलें, त्यावर फारशी शब्दांची झूल घातली, आणि पाटलाचा स्वर, त्याचें अडखळणें, मध्येंच त्याला आलेला संताप हें सारें दप्तराबाहेर राहिलें. या कारकुनाला नांवें ठेवण्याचा अधिकार निदान मला तरी नाहीं. त्याचें कारण पुढें येईलच.

एडिसनचा फोनोग्राफ १८७७ सालीं निघाला आणि मनुष्याचा शब्द त्याच्या आवाजासकट टिकविण्याची सोय झाली. आपल्या देशांत या शोधाचा लाभ आधीं गवयांना आणि नाटक मंडळ्यांना मिळाला. सामान्य बोलण्याकडे यंत्राचें लक्ष वळलें तें ग्रियर्सनच्या भाषा-पाहणीच्या निमित्तानें. १९१३ पासून पुढील पंधरा-सोळा वर्षांत निरनिराळ्या प्रांतांतील बोलींच्या तबकड्या तयार करण्यांत आल्या. या पाहणीचा ठराविक नमुना कोणता, तर बायबलांतील उधळ्या पुत्राची गोष्ट! त्याच्या जोडीला एखादी स्थानिक कथा किंवा गाणें घेत. पण मुख्य उतारा तोच. तुलनेसाठीं सर्वत्र एकच मजकूर हवा, हें भाषाशास्त्र्याचें म्हणणें रास्त आहे. तरीही मला त्या बोलणाराची गंमत वाटते आणि थोडी कीवही येते. तो यंत्रापुढें बसला आणि त्यानें परक्या बापाची व परक्या मुलाची कथा आपल्या बोलींत सांगितली. त्याच्या स्वतःच्या बापाविषयीं विचारण्याचें कोणास प्रयोजन नव्हतें.

१९४८ मध्यें अमेरिकेंत कोलंबिया विद्यापीठांत ॲलन नेव्हिन्स यानें तोंडी इतिहासाचें कार्य सुरू केलें. तेथेंही प्रथम मोठ्यांच्याच आठवणी घेतल्या गेल्या. वाटेल त्या माणसानें आपल्या जिवलगास घेऊन यावें आणि आपली कहाणी ध्वनिमुद्रित करून ठेवावी, ही स्टोरीकोर नांवाच्या संस्थेची कल्पना २००३ ची. न्यूयॉर्कच्या एका गजबजलेल्या रेल्वेस्थानकांत त्यांनीं त्यासाठीं एक लहानशी खोली उभारली होती.

महाराष्ट्रांत मात्र अशी खोली फार पूर्वीपासून घरोघर होती. तिच्यांत जातें असे. पहाटेच्या अंधारांत दळतांना बाई जी ओंवी गाई ती कोणी विचारलेल्या प्रश्नाचें उत्तर नसे. समोर पुरुष नाहीं, सासू निजलेली, ऐकणारें म्हणजे तो दगड. माहेर, भाऊ, सवत, सीतेचा वनवास, नवऱ्याचा जाच हें सर्व तेथें निर्धास्तपणें बोललें गेलें. पिठाची गिरणी गांवांत आली आणि बाईचे हात सुटले. त्याबरोबर ही जागाही गेली. पुण्याच्या हेमा राईरकर आणि फ्रान्समध्यें जन्मून येथलेच झालेले गी प्वातवाँ या दोघांनीं गेल्या शतकाच्या शेवटच्या दोन दशकांत खेडोपाडीं जाऊन हें धन गोळा करण्याचा उद्योग मांडला. हजारावर गांवांतून एक लाखाहून अधिक ओंव्या जमल्या. पुढें बर्नार्ड बेल या संगीतज्ञाच्या साहाय्यानें त्यांतील कांहीं भाग गाणारणींच्या आवाजांत मुद्रित झाला. तो शंभर तासांहून अधिक भरतो. प्वातवाँ २००४ मध्यें व राईरकर २०१० मध्यें निवर्तल्या. २०१७ पासून 'पारी' या ग्रामीण भारताच्या संग्रहानें त्या ओंव्या लोकांपुढें आणल्या आहेत. लिहून घेतलेली ओंवी वाचावी आणि मग तीच ऐकावी. दुसऱ्या चरणाशीं गाणारीण श्वास कोठें घेते, सोबतीण कोठें सूर उचलून धरते, हें कानांनीं कळतें तेव्हां ओंवीचा अर्थ कधीं कधीं पार बदलतो.

दुसरें उदाहरण ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांच्या 'आम्हीही इतिहास घडवला' या १९८९ च्या ग्रंथाचें. आंबेडकरी चळवळींतील स्त्रियांना गांठून, त्यांच्याकडून ऐकून त्यांनीं तो सिद्ध केला. १९४२ च्या जुलैंत नागपुरास दलित स्त्रियांची मोठी परिषद भरली आणि सुलोचनाबाई डोंगरे तिच्या अध्यक्षा होत्या, एवढें कागदांतूनही सांगतां येतें. परंतु परिषदेला जाणारी बाई घरून कशी निघाली, मूल कोणापाशीं ठेवलें, हें कागद सांगत नाहीं.

आतां माझी गोष्ट. यवतमाळ जिल्ह्यांत महागांव तालुक्यांतील फुलसावंगी हें माझ्या आत्याचें सासर. हा वऱ्हाडचा मुलूख निजामानें १८५३ मध्यें इंग्रजांच्या हवालीं केला आणि १९०३ मध्यें तो मध्यप्रांतास जोडला गेला. दक्षिणेकडून पैनगंगा वाहते; पलीकडे माहूर, म्हणजे १९४८ पर्यंत निजामाचें राज्य. बाजार, सोयरीक, रेणुकेची यात्रा यांना ही हद्द ठाऊक नव्हती, पोलिसांना होती. १९९२ च्या उन्हाळ्यांत, बी. ए. झाल्याच्या ऐटींत, मी मागून आणलेला टेपरेकॉर्डर घेऊन आत्याकडे गेलों. हैदराबादच्या मुक्तिलढ्याच्या वेळच्या आठवणी मला हव्या होत्या. मी सन विचारी, महिना विचारी. ती म्हणे, "सन मले नाई ठाऊक बाप्पा." तासभर असा गेला. शेवटीं कंटाळून मी प्रश्न सोडून दिले, पण यंत्र चालूच राहिलें. तिनें सूप पुढें ओढलें आणि तूर निवडतां निवडतां, माझ्याकडे न पाहतां, ती आपणहून बोलूं लागली.

नदीपलीकडून आलेलीं माणसें त्यांच्या गोठ्यांत राहिलीं होतीं. त्यांत एक पोर होती, आत्याच्याच वयाची. आत्या तिच्याविषयीं बरेंच बोलली. मग एकाएकीं थांबली. पुष्कळ वेळ कॅसेटवर केवळ सुपांत पडणाऱ्या दाण्यांचा आवाज होता.

घरीं आल्यावर मीं सर्व वहींत उतरलें. अर्थात् शुद्ध मराठींत. "सन मले नाई ठाऊक" याचें मीं "सनाविषयीं मला निश्चित सांगतां येणार नाहीं" असें केलें. पुढें एका परीक्षेच्या तयारीसाठीं व्याख्यान टिपून घ्यावयाचें होतें, तेव्हां हाताशीं तीच कॅसेट होती. मजकूर वहींत आहेच, मग आवाज ठेवून काय करावयाचें, असें वाटलें. आत्या १९९७ मध्यें गेली.

अलीकडे सीमाभागावर कांहीं लिहावें म्हणून ती वही पुन्हा काढली. तोंवर माझें वाचन वाढलें होतें. १९४८ च्या पूर्वार्धांत रझाकारांच्या भयानें हिंदु कुटुंबें हद्द ओलांडून वऱ्हाडांत येत होतीं, हें सर्वश्रुत आहे. परंतु १३ ते १७ सप्टेंबरच्या पोलिस कारवाईनंतर निजामी मुलखांत मुसलमानांवर सूड उगविला गेला, नांदेड जिल्हाही त्यांतून सुटला नाहीं. पंडित सुंदरलाल यांच्या समितीनें हें त्याच वेळीं नमूद केलें होतें, पण त्यांचा अहवाल २०१३ पर्यंत उघड झाला नाहीं. मग आत्याच्या गोठ्यांतलीं तीं माणसें कोणतीं? वहींत मीं "कांहीं लोक नदी ओलांडून आले" असें लिहिलें आहे. ती पोर, तिचें नांव आत्यानें नक्की घेतलें होतें. मला तें तपशिलाचें वाटलें नसावें.

एक मात्र पुसट आठवतें. नदीविषयीं सांगतांना आत्यानें पाण्याबद्दल कांहींतरी म्हटलें होतें. पाणी कमरेएवढें होतें म्हणाली, कीं पात्र कोरडें होतें म्हणाली? कमरेएवढें असेल तर तो पावसाळा, किंवा त्याच्या मागोमागचे दिवस. कोरडें असेल तर उन्हाळा. जो महिना मी तिला तासभर विचारीत होतों तो तिनें त्या एका वाक्यांत सांगितला होता. वहींत तें वाक्य नाहीं. त्या पोरीची हकीकत संपते तेथें, ती दीर्घ शांतता होती त्या जागीं, माझ्या अक्षरांत लिहिलेलें आहे: "त्यानंतर ते लोक परत गेले."