साखर झाल्यावर उसाचं काय उरतं? चिपाड, मळी आणि पाचटापासून ऊर्जा कशी मिळते?

कुंकवासाठी ओळखलं जाणारं केम हे सोलापूर जिल्ह्यातल्या करमाळा तालुक्यातलं गाव. दौंड-सोलापूर रेल्वेमार्गावर जेऊर आणि कुर्डुवाडीच्या दरम्यान ते लागतं. उजनी धरणाच्या पाण्यामुळे करमाळा आणि शेजारच्या माढा तालुक्यात ऊस वाढला, साखर कारखाने आले. पण उसाच्या वजनात साखर असते जेमतेम दहावा हिस्सा. मग बाकीच्याचं काय होतं?

एक टन उसातून काय मिळतं?

साधारणपणे 100 ते 115 किलो साखर, 280 ते 300 किलो चिपाड म्हणजे बगॅस, 40 ते 45 किलो मोलॅसिस आणि 30 ते 40 किलो प्रेसमड. उरलेलं बहुतेक पाणी.

त्यापासून ऊर्जा कशी होते?

- बगॅस: बॉयलरमध्ये जाळून वाफ करतात. तिच्यावर टर्बाइन फिरतं आणि तीच वाफ रस आटवायलाही वापरतात. कारखान्याची गरज भागवून उरलेली वीज ग्रिडला विकता येते. याला सहवीजनिर्मिती म्हणतात.
- मोलॅसिस: आंबवून इथेनॉल बनतं आणि ते पेट्रोलमध्ये मिसळलं जातं.
- प्रेसमड: शेतकरी याला मळी म्हणतात. हवाबंद टाकीत जिवाणू ती कुजवतात आणि बायोगॅस तयार होतो. तो शुद्ध करून दाबाखाली भरला की सीबीजी, म्हणजे वाहनांना चालणारा गॅस होतो. केंद्राने 2018 मध्ये यासाठी ‘सतत’ योजना सुरू केली. साधारण 25 टन प्रेसमडपासून एक टन सीबीजी मिळतो.

यात ‘चक्र’ कुठे आहे?

गॅस काढल्यावरही टाकीतल्या गाळात नत्र, स्फुरद, पालाश शिल्लक असतं. हा गाळ खत म्हणून पुन्हा शेतात गेला, तरच चक्र पूर्ण होतं. नाहीतर जमिनीतून फक्त उचल होत राहते.

मग पाचटही कारखान्याला द्यावं का?

नेहमीच नाही. तोडणीनंतर हेक्टरी सुमारे 8 ते 10 टन पाचट उरतं. ते पेटवलं तर नत्र आणि सेंद्रिय कर्ब धुरात जातो. सरीत ठेवून कुजवलं तर जमिनीत ओल टिकते, खोडव्याला खत मिळतं. कमी पावसाच्या करमाळा-माढ्यात ही ओल मोलाची. त्यामुळे इंधनासाठी द्यायचं ते जमिनीची गरज भागवून उरलेलं पाचट.

अडचणी काय?

गाळप हंगाम चार-पाच महिन्यांचाच असतो, त्यामुळे वर्षभर कच्चा माल मिळत नाही. एक लिटर इथेनॉलमागे साधारण 8 ते 12 लिटर स्पेंटवॉश निघतो. तो प्रक्रिया न करता सोडला तर ओढे, विहिरी खराब होतात. आणि दुष्काळात ऊसच घटतो.

शेतकऱ्याला काय मिळतं?

महाराष्ट्राच्या 2013 च्या ऊसदर कायद्यात महसूल विभागणीची तरतूद आहे. त्या सूत्रानुसार साखर आणि बगॅस, मोलॅसिस, प्रेसमड या प्राथमिक उपपदार्थांच्या उत्पन्नातला 70 टक्के वाटा ऊस उत्पादकाचा. पण वीज, इथेनॉल यांसारख्या पुढच्या उत्पादनांतही वाटा मिळावा, अशी शेतकरी संघटनांची मागणी आहे. कचऱ्याला किंमत आली, की ती कुणाच्या खिशात जाते हा प्रश्नही सोबत येतोच.