बाझलचा छोटा वाद्यवृंद

वादकांच्या कीर्तीचें एक मोठें दुर्दैव असें कीं, ती ऐकणारांच्या कानांबरोबरच लयास जाते. ध्वनिमुद्रिका निघाल्यापासून हें दुर्दैव थोडें सौम्य झालें; तरी जुन्या वाद्यवृंदाची थोरवी केवळ मुद्रिकांवरून नव्या पिढीस पटवून देणें सोपें नाहीं. स्वित्झर्लंडमधील बाझल शहराच्या छोट्या वाद्यवृंदाची गोष्ट मात्र निराळी आहे. तो १९८७ सालीं मोडला. परंतु विसाव्या शतकाच्या यूरोपीय संगीताचा इतिहास त्याचें नांव घेतल्यावांचून लिहितां येत नाहीं. हें कसें घडलें, व त्यांत पैशाचा वांटा किती आणि बुद्धीचा किती, याचा थोडा विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

सिंफनी वाजविणाऱ्या मोठ्या वृंदांत ऐंशी-नव्वद वादक सहज असतात. चेंबर ऑर्केस्ट्रा म्हणजे त्याच्या निम्म्याहूनहि लहान वृंद, आणि त्यांत व्हायोलिनच्या जातीचीं, गजानें वाजवावयाचीं वाद्यें मुख्य. अठराव्या शतकांत राजेरजवाड्यांच्या पदरीं असलेले वृंद बहुधा याच मापाचे होते. पुढें सभागृहें वाढलीं, तिकीट काढून येणारा श्रोतृवर्ग वाढला, आणि वृंदहि फुगत गेला. पहिल्या महायुद्धानंतर या फुगवट्याचा अनेक तरुण रचनाकारांस वीट आला.

अशा वेळीं, १९२६ सालीं, पाउल झाखर नांवाच्या वीस वर्षांच्या तरुणानें बाझल येथें आपला वृंद स्थापिला. त्याचें धोरण साधें होतें. मोझार्टच्या पूर्वीचें जुनें संगीत वाजवावें आणि हयात रचनाकारांचें अगदीं नवें वाजवावें; मधल्या काळाची चाकरी मोठे वृंद रोजच करतात, ती त्यांच्याकडेच सोडावी. हें धोरण तंतोतंत पाळलें गेलें असें नाहीं, पण वृंदाचा चेहरा त्यानेंच ठरविला. १९२८ सालीं त्यास गायकांच्या मेळ्याची जोड मिळाली.

मग पैसा आला. १९३४ सालीं झाखरनें माया हॉफमन या विधवा शिल्पकर्त्रीशीं विवाह केला. तिचा पहिला पति औषधें करणाऱ्या हॉफमन-ला रोश कंपनीच्या संस्थापकाचा पुत्र होता. तेव्हांपासून नामांकित रचनाकारांस मोबदला देऊन नवी कृति मागणें झाखरला सहज शक्य झालें. ही कीर्ति विकत घेतलेली आहे, असें यावर कोणी म्हणेल. आम्हांस हा आक्षेप अर्धवट वाटतो. पैसा आला तेव्हां वृंद आठ वर्षांचा झाला होता व त्याची दिशा ठरलेली होती. शिवाय पैसा पुष्कळांपाशीं असतो; कोणाकडे काय मागावें हें कळणें दुर्मिळ. राजाश्रयाच्या गोष्टी आपणांस नव्या नाहींत. त्यांत भाटांचें पोषण किती झालें आणि गुणीजनांचें किती, हें ज्यानें त्यानें आठवून पाहावें!

१९३६ च्या जून महिन्यांत झाखरनें हंगेरियन रचनाकार बेला बार्टोक यास पत्र लिहून वृंदाच्या दहाव्या वर्षासाठीं कृति मागितली. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यांत ती पुरी झाली व २१ जानेवारी १९३७ रोजीं बाझल येथें प्रथम वाजली. ‘तंतुवाद्यें, तालवाद्यें व सेलेस्टा यांसाठीं संगीत’ हें तिचें नांव दुकानाच्या यादीसारखें रुक्ष आहे. कृति मात्र शतकांतील श्रेष्ठ कृतींपैकीं एक. तींत तंतुवादकांचे दोन गट दोहों बाजूंस बसतात. मध्यें पियानो, हार्प, तालवाद्यें, आणि पोलादी पट्ट्यांवर नाजूक किणकिण करणारा सेलेस्टा. पहिल्या भागांत एकच दबलेलें स्वरवाक्य एका वाद्यसमूहाकडून दुसऱ्याकडे सरकत कळसास पोंचतें आणि उलट फिरून विरून जातें. हे धागे छोट्या वृंदांत जितके स्पष्ट दिसतात तितके मोठ्या गर्दींत दिसत नाहींत, असें आमचें मत आहे.

१९३९ च्या ऑगस्टांत झाखरनें बार्टोकला सानेन या डोंगराळ गांवीं आपलें घर राहावयास दिलें. तेथें त्यानें ‘डिव्हर्टिमेंटो’ ही कृति अवघ्या पंधरवड्यांत लिहिली. महिना संपतो न संपतो तोंच यूरोपांत युद्धास तोंड लागलें. ११ जून १९४० रोजीं ती बाझल येथें प्रथम वाजली. त्यानंतर तीन दिवसांनीं जर्मन फौजा पॅरिसमध्यें शिरल्या. बाझल हें फ्रान्स व जर्मनी या दोहोंच्या सीमांस लागलेलें शहर. ‘डिव्हर्टिमेंटो’ म्हणजे करमणूक; पण तिच्या मधल्या संथ भागांतील आकांत त्या दिवशीं सभागृहांत कोणास करमणूक वाटला असेल? बार्टोक त्याच वर्षीं अमेरिकेस गेला आणि १९४५ सालीं तेथेंच वारला.

येथें एक घोटाळा दूर केला पाहिजे. रिचर्ड स्ट्राउसचें तेवीस तंतुवादकांसाठीं रचलेलें ‘मेटामॉर्फोझेन’ बाझलच्या खातीं जमा करण्याचा मोह होतो. तें झाखरनेंच मागितलें हें खरें. पण १९४६ च्या जानेवारींत तें प्रथम वाजलें झुरिक येथें, व झाखरच्याच दुसऱ्या एका वृंदाकडून. होनेगरची दुसरी सिंफनीहि १९४२ सालीं झुरिकलाच प्रथम वाजली. उसन्या दागिन्यांची बाझलला गरज नाहीं. १९४७ च्या जानेवारींत, वृंदाच्या विसाव्या वर्षानिमित्त, स्ट्राविन्स्कीचा कंचेर्टो आणि होनेगरची चौथी सिंफनी हीं दोन्हीं तेथेंच प्रथम वाजलीं. होनेगरनें तर तींत बाझलच्या लोकगीताची चाल गुंफली आहे.

संचालक म्हणून झाखरला त्याच्या काळच्या पहिल्या पंक्तींत आम्ही बसविणार नाहीं. परंतु ज्या कागदांवर या कृति उतरल्या, त्यांचें मोल त्यानें इतरांपेक्षां आधीं ओळखलें. १९७३ सालीं त्यानें हस्तलिखितांच्या जतनासाठीं निधि स्थापिला; १९८३ सालीं त्या निधीनें स्ट्राविन्स्कीचा सारा कागदसंग्रह साडेबावन्न लाख डॉलर देऊन घेतला. १९९९ सालीं झाखर वारला.

बाझलच्या छोट्या वाद्यवृंदाचें नांव आज पुन्हां ऐकूं येतें, तें दुसऱ्याच वृंदाचें. तो १९८४ सालीं तरुण वादकांनीं निराळ्या नांवानें काढला आणि १९९९ सालीं त्यानें हें नांव धारण केलें. हेडनच्या जन्मास २०३२ सालीं तीनशें वर्षें होतील. तोंपर्यंत त्याच्या सर्व सिंफनी मुद्रित करण्याच्या, २०१४ सालीं आरंभलेल्या उद्योगांत या नव्या वृंदाचा एका इटालियन वृंदाबरोबर वांटा आहे.