सूक्ष्मतरंग आणि मॅग्नेट्रॉन
विद्युतचुंबकीय तरंगांपैकी ज्यांची तरंगलांबी, म्हणजे लागोपाठच्या दोन शिखरांमधील अंतर, साधारण एक मिलिमीटर ते एक मीटर असते, त्यांना सूक्ष्मतरंग किंवा मायक्रोवेव्ह म्हणतात. रेडिओच्या मध्यम लहरी शेकडो मीटर लांबीच्या असतात. त्यांच्या मानाने हे तरंग आखूड असल्यामुळे लहानशा तबकडीने ते एका दिशेला एकवटता येतात, धातूवर आदळून परततात आणि पाणी असलेल्या पदार्थांत शोषले जातात. हे गुण पुष्कळसे ठाऊक होऊनही त्यांचा व्यवहारात उपयोग होण्यास जवळजवळ अर्धशतक लागले, आणि त्या विलंबाचे कारण हे तरंग निर्माण करणाऱ्या साधनात होते.

कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात जगदीशचंद्र बोस यांनी १८९५च्या सुमारास अवघ्या पाच मिलिमीटरपर्यंतच्या लांबीचे तरंग निर्माण केले. विद्युततरंग प्रकाशाचेच नियम पाळतात हे टेबलावर मावणाऱ्या उपकरणांनी सिद्ध करायचे, तर तरंग आखूडच हवेत, हा त्यांचा हिशेब होता. तरंग गोळा करण्यासाठी त्यांनी नरसाळ्याच्या आकाराचे अग्र वापरले, ध्रुवणाच्या प्रयोगांसाठी पिळलेल्या तागाच्या जुड्याही वापरल्या, आणि १८९७ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये हे प्रयोग सादर केले. परंतु ठिणगीतून उमटणारे हे तरंग क्षीण होते, आणि दूरवर संदेश धाडू पाहणारे मार्कोनी व त्यांचे समकालीन लांब तरंगांकडे वळल्याने ही शाखा बराच काळ प्रयोगशाळेतच राहिली.

ती बाहेर आली ती दुसऱ्या महायुद्धामुळे. विमानावर बसेल एवढ्या लहान रडारला, म्हणजे तरंगांच्या प्रतिध्वनीवरून वस्तूचा ठाव घेणाऱ्या यंत्रणेला, काही सेंटिमीटर लांबीचे पण जोरकस तरंग हवे होते. फेब्रुवारी १९४० मध्ये बर्मिंगहॅम विद्यापीठात जॉन रँडल आणि हॅरी बूट यांनी तांब्याच्या ठोकळ्यात पोकळ्या कोरून, चुंबकीय क्षेत्रात वळणाऱ्या इलेक्ट्रॉनांकडून त्या पोकळ्यांत सुमारे दहा सेंटिमीटरचे तरंग उठवले. हाच पोकळी-मॅग्नेट्रॉन. त्याच वर्षी ब्रिटनच्या टिझर्ड शिष्टमंडळाने त्याचा नमुना अमेरिकेला नेला आणि तेथे त्याचे मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू झाले.

मॅग्नेट्रॉन बनवणाऱ्या रेथिऑन कंपनीतील पर्सी स्पेन्सर यांच्या खिशातले चॉकलेट वितळले आणि त्यातून मायक्रोवेव्ह भट्टी सुचली, अशी कथा सर्वत्र सांगितली जाते. तथापि युद्ध संपताच मॅग्नेट्रॉनला नवे गिऱ्हाईक शोधणे भाग होते, ही बाब त्या योगायोगाहून अधिक वजनाची मानावी लागेल. १९४७च्या सुमारास आलेली पहिली भट्टी माणसाच्या उंचीची आणि सुमारे ३४० किलो वजनाची होती. ओट्यावर मावणारी, घरगुती म्हणून खपलेली भट्टी १९६७ मध्ये आली. तिच्यातील विद्युतक्षेत्र सेकंदाला सुमारे २४५ कोटी वेळा उलटसुलट होते, पाण्याचे ध्रुवीय रेणू त्यासरशी फिरू पाहतात आणि शेजारच्या रेणूंशी होणाऱ्या खेचाखेचीतून उष्णता निर्माण होते. ही वारंवारता पाण्याच्या रेणूची खास अनुनादी वारंवारता आहे, हा समज मात्र चुकीचा आहे.

दूरसंचाराने एकवटण्याचा गुण उचलला. १९५१ मध्ये अमेरिकेचे दोन किनारे मनोऱ्यांच्या साखळीने जोडले गेले, तर पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळील आर्वी येथे १९७०च्या दशकाच्या आरंभी उभारलेल्या भूस्थानकाने उपग्रहामार्फत परदेशी दूरध्वनी आणले. सूक्ष्मतरंगांच्या क्षेत्रातील संशोधनासाठी मुंबईत १९८४ मध्ये समीर ही शासकीय संस्था स्थापन झाली.

भट्टीसारख्या उपकरणांसाठी १९४७च्या अटलांटिक सिटी येथील आंतरराष्ट्रीय परिषदेत राखलेला २४५० मेगाहर्ट्झभोवतीचा पट्टा संदेशवहनाच्या दृष्टीने गावाबाहेरच्या गायरानासारखा होता, कारण तेथे व्यत्यय गृहीतच धरलेला असे. १९८५ मध्ये अमेरिकेने तो परवान्याविना संदेशवहनास खुला केला, पुढे वाय-फाय आणि ब्लूटूथ तेथेच वसले, आणि म्हणूनच भट्टीतून झिरपणारे किंचित तरंगही शेजारच्या वाय-फायची गती आजही मंदावू शकतात.