जाजमावर कोण बसले?

सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूरची नगरपालिका १८५३ सालची, म्हणजे राज्यातल्या जुन्या नगरपालिकांपैकी एक. गावाचा इतिहास लिहिणारा तिची नोंद घेतो, रणदुल्लाखानाच्या कबरीची घेतो, बाजारपेठेची घेतो. बायकांच्या सेवामंडळांची पाळी आली, की मात्र अहवालातली यादी पुढे येते: शिवणवर्ग, वह्यावाटप, आरोग्य शिबिर, संक्रांतीचे हळदीकुंकू. या यादीतून मंडळाने काय वाटले ते कळते, गावात काय बदलले ते कळत नाही. सातारा-सांगलीच्या मुलखातून पुढे आलेल्या बायकांचे काम पाहिले, तर कसोटी वेगळीच दिसते. सेवा किती केली याहून, ती करताना कोण कोणाच्या शेजारी बसले, यावरून मंडळाची थोरवी ठरते.

याचा पहिला पुरावा नगरपालिकेच्याही आधीचा आहे. सावित्रीबाई फुले १८३१ साली सातारा जिल्ह्यातल्या नायगावात जन्मल्या. पुण्यात त्यांनी महिला सेवा मंडळ उभे केले आणि जानेवारी १८५२ मध्ये त्याच्या वतीने तिळगुळाचा समारंभ ठेवला. अध्यक्षपदी पुण्याच्या कलेक्टरची पत्नी होती. पण त्या निमंत्रणाचे मोल पाहुणीच्या नावात नव्हते. कोणत्याही जातीच्या बायका आल्या तरी त्यांना एकाच जाजमावर बसवले जाईल आणि भेदभाव न करता हळदीकुंकू लावून तिळगूळ दिला जाईल, अशी हमी त्यात होती. तिळगूळ घरोघरी वाटला जातच होता. नवी होती ती बैठक. विहीर, पंगत आणि देऊळ जिथे जातीने वाटलेले, तिथे एक जाजम अंथरणे हीच मोठी सार्वजनिक कृती होती. पुढे १८९७ च्या प्लेगात रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाईंना मृत्यू आला. ती सेवा याच बैठकीच्या पोटातून आली होती. कोणाला शिवायचे आणि कोणाला नाही, हा हिशेब त्यांनी पंचेचाळीस वर्षांपूर्वीच मोडीत काढला होता.

दुसरा पुरावा देवराष्ट्रे गावच्या लेकीचा. हे गाव आज सांगली जिल्ह्यात आहे. कुर्लेकरांच्या घरात जन्मलेल्या रमाबाई रानडे यांनी १९०९ साली पुण्यात सेवासदनाचे काम सुरू केले. गोपाळ कृष्ण देवधर त्यांच्या जोडीला होते. सेवासदन म्हटले की शिवण आणि लेखन-वाचनाचे वर्ग आठवतात, पण त्याचे सर्वांत धाडसी पाऊल परिचारिकांच्या शिक्षणाचे होते. सोवळ्यात वाढलेल्या, माजघराबाहेर न पडलेल्या विधवा ससून रुग्णालयात शिकू लागल्या. परक्या माणसाची जखम धुणे आणि भांडे उचलणे हे ज्या घरात विटाळाचे, त्या घरातल्या बाईला ते काम प्रतिष्ठेने करता येऊ लागले. सेवासदनाचा लाभ घेणाऱ्यांत पांढरपेशा घरांतल्या बायका अधिक होत्या, हा आक्षेप खरा आहे. सावित्रीबाईंच्या जाजमाइतकी ती बैठक रुंद नव्हती. तरीही वॉर्डातल्या खाटेपाशी जी शिवाशिव मोडली, ती व्याख्यानाने मोडली नसती.

तिसरे उदाहरण मंडळाचे नाव नसलेले आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांसाठी वसतिगृह चालवले, तेव्हा त्या मुलांना रांधून घालणाऱ्या त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई कर्मठ जैन घरातून आलेल्या होत्या. पैसे संपले तेव्हा त्यांनी मंगळसूत्रही मोडले, ही गोष्ट सगळे सांगतात. त्याहून अवघड गोष्ट कमी सांगितली जाते: आपल्या चुलीपुढे महार, मांग, मराठा, मुसलमान अशी सगळी पोरे एका पंगतीला बसवणे.

यावर कोणी म्हणेल, हळदीकुंकू हा मुळातच सवाशिणींचा समारंभ, तिथे विधवेला जागा नाही. मग त्याला समतेची बैठक कसे म्हणायचे? आक्षेप रास्त आहे, आणि तो कसोटीला बळच देतो. जाजम एका बाजूने वाढवले तरी दुसरी बाजू दुमडलेली राहू शकते. म्हणूनच शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे या विधवांच्या प्रथा बंद करण्याचा ठराव केला, तो या इतिहासाचाच पुढचा टप्पा आहे. राज्य सरकारने त्याच महिन्यात परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनी तो कित्ता गिरवावा असे सांगितले.

दुसरा आक्षेप असा, की पाणी, दवाखाना, शाळा ही नगरपालिकेची कामे; बायकांनी ती फुकटात केली की कारभाऱ्यांचे फावते. हेही खरे. पण १८५३ च्या कारभारात बायकांना जागाच नव्हती. घराबाहेर येऊन हिशेब ठेवणे, सभा चालवणे, वर्गणी मागणे हे त्या शिकल्या ते मंडळांत. २०११ पासून महाराष्ट्रातल्या स्थानिक स्वराज्य संस्थांत निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत. सभागृहात बसण्याचा हक्क कायद्याने आला, पण तिथे उठून बोलण्याची सवय कायदा लावू शकत नाही. तेव्हा मंडळ संपवण्यात शहाणपण नाही. त्याने वाटपाची यादी आखूड करून मागणीची यादी लांबवावी, हे बरे.

रहिमतपूर असो वा कोरेगाव, गावोगावी मंडळांकडे इतिवृत्ताच्या वह्या असतील. त्या रद्दीत जाण्याआधी वाचून काढाव्यात, आणि त्यांत देणग्यांच्या आकड्यांआधी हजेरीची पाने पाहावीत. कोणत्या आळीच्या, कोणत्या जातीच्या, किती विधवा बायका बैठकीला होत्या, हे तिथेच सापडेल. ज्या मंडळाच्या हजेरीत गावातल्या सगळ्या आळ्या सापडत नाहीत, त्याने येत्या संक्रांतीला निमंत्रणे नव्याने लिहावीत.