घोणसीचे विष आणि रक्ताची गुठळी

भंडारदऱ्याच्या परिसरात, रतनगडाकडून येणाऱ्या प्रवरेच्या काठच्या भातखाचरांत, सर्पदंश हा पावसाळ्यातला जुना धोका. घोणस चावलेल्याचे रक्त साकळते का, हे पाहण्याची रीत आजही अगदी साधी आहे. ताजे रक्त कोऱ्या, कोरड्या काचनळीत २० मिनिटे न हलवता ठेवायचे, मग नळी कलती करायची. रक्त वाहिले तर प्रतिविष द्यायचे. यंत्र लागत नाही, वीजही लागत नाही.

विषाची चाल मात्र उलटी असते. ते आधी रक्त गोठवते. रक्त साकळण्याच्या साखळीतले पाचवा आणि दहावा हे घटक ते थेट चेतवते. अंगभर बारीक गुठळ्या होतात, त्यात गुठळी बांधणारे फायब्रिनोजेन हे प्रथिन संपून जाते आणि मग हिरड्यांतून, लघवीतून रक्त जाऊ लागते. परळच्या प्लेग प्रयोगशाळेत (१९२५पासून हाफकिन संस्था) जॉर्ज लँब यांनी विसाव्या शतकाच्या आरंभीच नाग आणि घोणस यांच्या विषांचा अभ्यास केला होता. नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चौघांवरचे प्रतिविष पुढे याच संस्थेत बनू लागले.

लंडनमध्ये मॅकफार्लेन आणि बार्नेट यांनी १९३४ मध्ये या विषाचा उपयोगच करून घेतला. दहा हजार पट पातळ केलेले विष हिमोफिलियाच्या रुग्णांच्या जखमांवर लावले की रक्तस्राव थांबे. बार्नेट तिथल्या प्राणिसंग्रहालयातले सर्पतज्ज्ञ होते.

हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या विकारांशी या संशोधनाची गाठ पडली ती १९८६ मध्ये, तीही दोन वाटांनी. थियागराजन आणि सहकाऱ्यांनी घोणसविषावर बेतलेली चाचणी मांडली. तिच्यात सापडणारी प्रतिपिंडे नळीत रक्त गोठू देत नाहीत, शरीरात मात्र गुठळ्या करतात. तरुणपणी येणाऱ्या पक्षाघातामागे ती असू शकतात. त्याच वर्षी लंडनच्या नॉर्थविक पार्क अभ्यासात दिसले की ज्या पुरुषांच्या रक्तात फायब्रिनोजेन जास्त, त्यांना हृदयविकाराचा धोका जास्त. हा संबंध कोलेस्टेरॉलपेक्षाही ठळक निघाला. पुढच्या जनुकीय अभ्यासांनी मात्र फायब्रिनोजेनला आरोपी ठरवले नाही. ते धोक्याची खूण दाखवते, कारण बहुधा दुसरे असते. म्हणून केवळ ते कमी करण्यामागे लागण्यात फारसा अर्थ नाही.

गुठळी रोखणारे औषध मिळाले ते फुरशाकडून. त्याच्या विषातले एक प्रथिन रक्तबिंबिकांना एकमेकींना चिकटू देत नाही. त्याच्या धर्तीवर घडवलेले टिरोफिबान १९९८ मध्ये अमेरिकेत मंजूर झाले आणि हृदयरोहिणीत गुठळी होऊ नये म्हणून अतिदक्षता विभागात शिरेतून दिले जाऊ लागले.