श्रमदानाच्या हजेरीपत्रकाने एका शहराचे कोट्यवधी डॉलर कसे वाचवले?

22 मे 2011, रविवार. अमेरिकेच्या मिसूरी राज्यातलं जॉप्लिन हे साधारण 50 हजार लोकवस्तीचं शहर. संध्याकाळी पावणेसहाच्या सुमारास तिथे ईएफ-5 म्हणजे सर्वांत वरच्या श्रेणीचा टोर्नेडो धडकला. वाऱ्याचा वेग ताशी 320 किलोमीटरच्या वर होता. 161 जणांचा जीव गेला, हजारो घरं पडली आणि सेंट जॉन्स हे मोठं हॉस्पिटलही निकामी झालं.

मदतीला माणसांची रीघ लागली. पण कुणी कुठे जायचं हे ठरलेलं नसेल, तर अशी गर्दीच अडचण होऊन बसते. ढिगाऱ्यात खिळे, काचा आणि तुटलेल्या विजेच्या तारा असतात. त्यामुळे 'अमेरिकॉर्प्स' या राष्ट्रीय सेवा उपक्रमाची सेंट लुईसची तुकडी काही तासांतच पोहोचली आणि तिथल्या विद्यापीठात नोंदणी केंद्र उभं राहिलं. नाव लिहायचं, काम घ्यायचं, परतल्यावर तास नोंदवायचे.

एवढ्या संकटात ही कागदपत्रं कशाला?

राष्ट्राध्यक्षांनी आपत्ती जाहीर केली की ढिगारा उचलण्यासारख्या कामांचा किमान 75 टक्के खर्च केंद्र सरकार देतं. उरलेला वाटा राज्य आणि शहराने भरायचा. ज्या शहराची घरं-दुकानंच गेली, त्याने कर तरी कुणाकडून गोळा करायचा? इथे 'फेमा' या केंद्रीय आपत्ती संस्थेचा एक नियम उपयोगी पडतो. स्वयंसेवकांच्या श्रमाची किंमत या स्थानिक वाट्यात धरता येते. महत्त्वाची अट: कुणी, कधी, कुठे, किती तास, काय काम केलं याची नोंद हवी. नोंद नसेल तर घाम गाळूनही हिशेबात शून्य.

जॉप्लिनमध्ये पुढच्या काळात लाखाहून जास्त स्वयंसेवकांची नोंद झाली. म्हणजे शहराच्या लोकसंख्येच्या दुपटीहूनही जास्त! त्यांचे तास 10 लाखांच्या वर गेले. या श्रमाच्या आणि वस्तुरूप मदतीच्या नोंदींमुळे स्थानिक वाट्यातले सुमारे 1 कोटी 77 लाख डॉलर वाचले.

सगळंच काम ढिगारा उपसण्याचं नव्हतं. वाऱ्याने उडालेले घरगुती फोटो दूरदूरच्या शेतांत सापडत होते. शेजारच्या कार्थेज गावात स्वयंसेवकांनी ते धुतले, स्कॅन केले, ऑनलाइन टाकले आणि ज्याचे त्याला परत केले. घर गेलेल्या अनेकांच्या हाती तेवढंच जुनं उरलं होतं.