ड्वेन लक्षणसमूहावरील शस्त्रक्रिया

ड्वेन लक्षणसमूह : डोळा बहुधा कानाच्या बाजूला वळवता न येणे आणि नाकाकडे वळवताना तो खोबणीत मागे ओढला जाऊन पापण्यांमधली फट अरुंद होणे, अशी नेत्रचलनाची जन्मजात विकृती. तिरळेपणाच्या दर शंभर रुग्णांत ती साधारण एक ते पाच जणांत आढळते. डावा डोळा उजव्यापेक्षा अधिक वेळा बाधित होतो. मुलींत प्रमाण जास्त. याकोब श्टिलिंग (1887) आणि झीगमुंट ट्युर्क (1896) यांनी तिचे वर्णन आधी केले होते. पण 1905 मध्ये अमेरिकन नेत्रवैद्य अलेक्झांडर ड्वेन यांनी 54 रुग्ण एकत्र मांडले आणि त्यांचेच नाव रूढ झाले.

कारण : बाहेरचा सरळ स्नायू (लॅटरल रेक्टस) हलवणारा सहावा मज्जातंतू गर्भावस्थेतच घडत नाही आणि त्या स्नायूकडे तिसऱ्या मज्जातंतूच्या फांद्या वळतात. 1980 व 1982 मध्ये प्रसिद्ध झालेल्या शवविच्छेदनांनी हे दाखवून दिले. त्यामुळे डोळा आत वळताना आतला आणि बाहेरचा असे दोन्ही स्नायू एकदम आखडतात व डोळा मागे ओढला जातो. शस्त्रक्रियेचे सगळे गणित या एका गोष्टीवर उभे आहे.

आनुवंशिकता : बहुतेक रुग्ण कुटुंबात एकटेच, थोड्या घराण्यांत सीएचएन-1 जनुकातील बदल सापडतो.

प्रकार : ह्यूबर (1974) यांच्यानुसार तीन. पहिल्यात बाहेर वळणे, दुसऱ्यात आत वळणे, तिसऱ्यात दोन्ही मर्यादित. पहिला सर्वांत जास्त आढळतो.

निदान : घरच्यांना पहिल्यांदा दिसते ती मान. पहिल्या प्रकारात डोळा आत झुकलेला असेल, तर मूल तोंड बाधित डोळ्याच्या बाजूला वळवून समोर पाहते. तशा स्थितीत दोन्ही डोळे जुळतात आणि प्रतिमा एकच दिसते. ही वाकडी मान मानेचा रोग समजून तिच्यावर महिनोन्‌महिने तेलमालीश व व्यायाम चालू राहतात, तेव्हा मुलाचा नाहक छळ होतो. तिरळा डोळा नशीबवान मानण्याच्या समजुतीनेही डॉक्टरांकडे जाणे लांबते. दुसरी चूक उलट दिशेची : बाहेर न वळणारा डोळा पाहून सहाव्या मज्जातंतूचा लकवा, त्यामागे मेंदूत गाठ असे समजून घाबरणे. लकव्यात समोर पाहताना तिरळेपणा मोठा असतो, ड्वेनमध्ये तो हालचालीच्या मर्यादेच्या मानाने लहान. शिवाय लकव्यात डोळा मागे ओढला जात नाही. मुलाला खेळणे दाखवून दोन्ही बाजूंना पाहायला लावले आणि पापण्यांकडे लक्ष ठेवले, तर निदान बहुधा तिथेच होते. 2013 पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाड्या व शाळांत मुलांची तपासणी करतात. मान तिरकी धरणारे मूल तिथेच हेरले जायला हवे.

शस्त्रक्रिया : प्रत्येक रुग्णाला ती लागत नाही. समोर पाहताना तिरळेपणा, लक्षात येण्याजोगी वाकडी मान, डोळा फार मागे ओढला जाणे किंवा आत वळताना तो एकदम वर वा खाली उसळणे, यांपैकी काही असेल तरच ती करतात. गेलेली हालचाल पूर्णपणे परत येत नाही. मान सरळ व्हावी आणि समोर पाहताना डोळे जुळावेत, एवढाच हेतू असतो. आईवडिलांना हे आधी स्पष्ट सांगणे शल्यचिकित्सकाचे कर्तव्य आहे.

पहिल्या प्रकारात, डोळा आत झुकलेला असल्यास, आतला सरळ स्नायू (मिडिअल रेक्टस) मागे सरकवतात. तो बुबुळाच्या कडेपासून सुमारे 5.5 मिमी अंतरावर चिकटलेला असतो. भूल दिल्यावर चिमट्याने डोळा फिरवून तो किती ताठरला आहे हे पाहतात, मग सोडवून विरघळणाऱ्या टाक्याने मागे शिवतात. बाहेरचा स्नायू आखूड करणे हा साध्या तिरळेपणात नेहमीचा उपाय. इथे तो टाळावा, कारण त्याने डोळा आणखी मागे ओढला जातो. उसळी जास्त असल्यास बाहेरच्या स्नायूचे टोक उभे चिरून इंग्रजी वाय अक्षरासारखे दोन फाट्यांत शिवतात.

बाहेर वळण्याची क्षमता थोडी मिळवण्यासाठी वरचा व खालचा सरळ स्नायू बाहेरच्या बाजूला हलवण्याची पद्धत आहे. 1997 मध्ये फॉस्टर यांनी तिला जादा टाक्याची जोड दिली. नंतर फक्त वरचा स्नायू हलवून आतला मागे घेण्याची रीत पुढे आली. मेहेंदळे, डॅगी, हंटर व सहकाऱ्यांचा 2012 मधील लेख यासंदर्भात नेहमी उद्धृत होतो. या रीतीत डोळा वर-खाली ढळण्याचा धोका राहतो. कोणती पद्धत सरस, याबाबत एकमत नाही. एकाच वेळी फार स्नायू सोडवू नयेत : डोळ्याच्या पुढच्या भागाचा रक्तपुरवठा याच स्नायूंबरोबर येतो आणि तो तुटला तर नजर जाऊ शकते.

डोळा बाहेर झुकलेल्या रुग्णांत बाहेरचा स्नायू खोबणीच्या हाडावरील आवरणाला शिवून निष्प्रभ करता येतो. दिल्लीच्या एम्समधील प्रदीप शर्मा व सहकाऱ्यांनी 2014 मध्ये या उपायाचे मूल्यमापन प्रसिद्ध केले.

मराठवाड्यातील रुग्ण : उदाहरणार्थ, नांदेड जिल्ह्यातील नायगाव हे नांदेड–देगलूर–हैदराबाद रस्त्यावरचे तालुक्याचे गाव. तेथील रुग्णाला प्राथमिक तपासणीसाठी नांदेडचे डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय किंवा लातूरची विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था जवळ पडते. या दुर्मीळ विकाराचा मोठा अनुभव असलेले केंद्र मात्र त्याच रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला आहे : हैदराबादची एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्था, स्थापना 1987. तेथील रमेश केकुन्नाया व सहकाऱ्यांनी 2012 मध्ये ड्वेनच्या 441 रुग्णांची मालिका प्रसिद्ध केली. एका ठिकाणाहून इतके रुग्ण नोंदले जाणे विरळाच. केकुन्नाया व नेगळूर यांचा 2017 मधील आढावा निदान व उपचार या दोन्हींसाठी उपयोगी आहे.

चष्म्याचा नंबर व आळशी डोळा यांवरचे उपचार शस्त्रक्रियेआधी करावेत.